त्या दिवशी कोण बोललं

हेमा कानडखेडकर परभणीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतात. त्यांनी तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्यातल्या दोन कोणी वाचल्या की नाही, हे त्यांनाही नक्की सांगता येत नाही. पहिली मात्र लोकांच्या लक्षात राहिली. 'पाण्याच्या अलीकडे' असं तिचं नाव. येलदरी धरणाच्या कॉलनीशेजारच्या गावात राहणारी सुमन नावाची मुलगी, तिला बघायला आलेले पाहुणे, आणि त्यांच्यासमोर तिनं उघडलेलं तोंड, एवढीच त्या कादंबरीची गोष्ट. पाहुणे विचारतात, गाणं येतं का. सुमन म्हणते, गाणं येत नाही, गोष्ट येते. आणि ती एका भोयाची गोष्ट सांगते. धरणाच्या पाण्यात त्याच्या जाळ्याला माशांऐवजी बुडालेल्या घराची चौकट लागते. तो ती चौकट नेऊन आपल्या झोपडीला बसवतो. मग ज्यांचं घर बुडालं त्यांची लेक शोधत येते आणि त्या चौकटीबाहेर उभी राहून विचारते, आत येऊ का? पाहुण्यांना गोष्ट कळत नाही, पण पोरगी आपल्या कामाची नाही एवढं कळतं. ते उठून जातात.

हेमाबाईंनी हे लिहिलं तेव्हा त्या पंचविशीत होत्या. वडील पाटबंधारे खात्यात कारकून, त्यामुळे त्यांचं लहानपण येलदरीच्या कॉलनीतच गेलं. कादंबरीला एक लहानसा पुरस्कार मिळाला, आणि पुढची सगळी वर्षं कुठल्या ना कुठल्या शाळा-कॉलेजातून बोलावणं येत राहिलं. विषय बहुतेक एकच असे, तरुणांनी आपलं म्हणणं कसं मांडावं. हेमाबाई बोलायला उभ्या राहिल्या की एक वाक्य ठरलेलं असे. "माझी एक मैत्रीण होती. तिला जे बोलता आलं नाही, ते मी लिहिलं." या वाक्याला पोरं शांत होत. मागच्या बाकांवरची कुजबूजही थांबे. हेमाबाईंना ते वाक्य खरं वाटत होतं, म्हणूनच त्यांना ते कधी जुनं वाटलं नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात परभणीतल्याच एका कॉलेजात त्या बोलायला गेल्या होत्या. वाक्य बोलून झालं. पोरं शांत झाली. भाषण संपलं आणि प्रश्न विचारायला सांगितल्यावर मधल्या रांगेतून एक उंच, सडसडीत मुलगी उभी राहिली.

"मॅडम, तुमच्या त्या मैत्रिणीचं नाव राजेश्री हाय का?"

हेमाबाई गोंधळल्या. नाव त्यांनी कधीच कुठे सांगितलं नव्हतं. "हो. तुम्हाला कसं माहीत?"

"मी तिची पोरगी. निकिता. पेडगावची." मुलगी जरा थांबली, आजूबाजूला बघितलं आणि म्हणाली, "पण मॅडम, आई गप्प बसली न्हवती. ती बोलली होती. मी लहान असल्यापासून सांगायली ती मला. तुमी म्हणायलात तिला बोलता आलं न्हाई. मतलब, मला कळंना."

सभागृहात थोडा हशा पिकला. प्राचार्यांनी आभाराचा कार्यक्रम पुढे ओढला. हेमाबाईंच्या हातात गुलाबाचं फूल आणि शाल आली.

त्यांना आठवत होतं ते असं. राजेश्री आणि त्या एका शाळेतल्या. राजेश्रीच्या वडिलांची शेती कॉलनीला लागूनच. बारावीनंतर हेमा जिंतूरला बी.ए. करायला लागली आणि राजेश्री घरी बसली. त्याच वर्षी तिला बघायला पाहुणे आले. हेमा मदतीला म्हणून चुलीपाशी होती. दाराच्या फटीतून तिनं बघितलं होतं, राजेश्री चटईवर मान खाली घालून बसली होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. नाव विचारलं, सांगितलं. शिक्षण विचारलं, सांगितलं. गाणं येतं का विचारलं, तेव्हा ती काहीच बोलली नाही. पाहुणे गेले, आठवड्यानं नकार आला. त्याचं कारण कोणी हेमाला सांगितलं नाही. पुढच्याच वर्षी राजेश्रीचं पेडगावच्या दत्तरावांशी लग्न झालं. तिचं ते गप्प बसणं हेमाला कितीतरी वर्षं टोचत राहिलं. कादंबरी त्यातूनच आली होती.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला, उद्धवरावांना, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "इतकी वर्षं झाली. तिनं पोरीला थोडं वाढवून सांगितलं असेल. आईबाप सांगतात तसं."

असेल, असं हेमाबाईंनाही वाटलं. पण त्याच दिवसांत प्रकाशकाचा फोन आला होता. 'पाण्याच्या अलीकडे'ची नवी आवृत्ती काढायची होती, आणि तिच्यासाठी त्यांना चार पानं हवी होती, कादंबरीमागची खरी हकीकत. हेमाबाई लिहायला बसल्या. पहिलं वाक्य तयारच होतं. ते लिहिलं आणि पेन पुढे जाईना. त्यांनी निकिताचा नंबर मिळवला आणि एका रविवारी पेडगावला गेल्या.

राजेश्रीचं घर वस्तीच्या टोकाला होतं. अंगणात ताडपत्रीवर सोयाबीन पसरलं होतं, आणि डोक्याला रुमाल बांधलेली एक जाड बाई फोनवर कोणाला तरी बचतगटाच्या मीटिंगवरून झापत होती. फोन ठेवून तिनं वळून बघितलं. "हेमे," म्हणाली. "म्हातारी झालीस की गं."

हेमाबाईंना हसू आलं. आपल्या आठवणीतल्या मुलीशी ही बाई जुळवता येईना. राजेश्रीनं चहा केला, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी समोर ठेवली, दत्तरावांच्या गुडघ्यापासून गावच्या सरपंचापर्यंत सगळ्यांची खबरबात सांगितली. शेवटी हेमाबाईंनीच विषय काढला.

"राजे, तू माझं पुस्तक वाचलंस का?"

"चार पानं वाचले. त्या पोरीच्या केसाला तू करडईचं तेल लावलंस. मी कधी लावत होते करडईचं? मंग ठिवून दिलं."

"आणि ते पाहुणे आले तेव्हाचं? तू काही बोललीस त्यांच्याशी?"

"हौ. बोलले की." राजेश्रीनं सरळ सांगितलं, जसं कोणी बाजारातला भाव सांगावा. "गाणं येतं का म्हणले. मी म्हणले गोष्ट सांगते. ती चौकटीची गोष्ट सांगितली. भोयाची. तू होतीस की तिथंच, चुलीपशी. तुला ऐकू आली न्हाई का?"

हेमाबाईंच्या हातातला घास हातातच राहिला. चौकटीची गोष्ट त्यांनी स्वतः रचली होती. निदान त्यांना तसं आठवत होतं. परभणीतल्या भाड्याच्या खोलीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत, खिडकीला ओलं पोतं बांधून लिहिलेली ती पानं. पुस्तकातली सगळ्यात चांगली पानं तीच, असं लोक म्हणत.

"राजे, ती गोष्ट माझ्या कादंबरीतली आहे."

"आसंल. तू माझी घेतली आसशील. मी काय तक्रार करायले का?"

निकिता दाराशी बसून दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. हेमाबाईंनी तिला हळूच विचारलं, आईनं तुला हे कधी सांगितलं? निकिता म्हणाली, मी दुसरी-तिसरीत असेन. पुस्तक तर आत्ता कॉलेजात आल्यावर वाचलं. राजेश्रीला गावात कोणी कादंबरीची गोष्ट सांगितली असेल का, आणि तिनं नकळत ती स्वतःची करून घेतली असेल का? शक्य होतं. राजेश्रीनं खरंच ती गोष्ट त्या दिवशी सांगितली आणि हेमानं चुलीच्या धुरात ती ऐकून विसरून पुढे स्वतःची म्हणून लिहिली, हेही शक्य होतं. बसमध्ये बसल्यावर हेमाबाईंनी दोन्ही शक्यता डोळे मिटून समोर आणून बघितल्या. दोन्ही सारख्याच स्पष्ट दिसल्या. त्यामुळे त्या आणखी घाबरल्या.

एकच माणूस उरलं होतं ज्याला विचारता येईल. राजेश्रीची आई नर्मदाबाई येलदरीजवळच मुलाकडे राहत होती. वय झालं होतं, पण कान शाबूत होते आणि बोलणं स्वच्छ होतं. राजेश्री म्हणाली, मला तसंही मायला भेटायला जायचंय. पुढच्या रविवारी तिघी निघाल्या, हेमाबाई, राजेश्री आणि निकिता. जिंतूरला बस बदलली. धरण दिसायला लागलं तशी राजेश्री खिडकीतून बोटानं दाखवत लेकीला सांगत होती, ते पॉवरहाऊस, ते बाबूलोकांचे क्वार्टर, तिथं आमी चिंचा पाडायचो. कॉलनीतली बरीच घरं आता बंद होती.

नर्मदाबाई पडवीत बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी हेमाबाईंना लगेच ओळखलं. "बाबूची पोर न्हवं का तू?" मग लेकीकडे, नातीकडे बघितलं आणि जेवायचं काय करायचं ते सुनेला ओरडून सांगितलं. निकितानं फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तो लसणाच्या सुपाशेजारी ठेवला. तिला कॉलेजच्या युवक महोत्सवात आईची ही गोष्ट सांगायची होती.

"आजी, आईला बघायला पाहुणे आले होते, पयले. जे परत गेले. तवा आई काय बोलली?"

"कोण, राजी?" नर्मदाबाईंनी हात थांबवले नाहीत. "ही कुठं बोलली? ही तर दगडावानी बसली होती."

राजेश्री हसली. "माय, नीट आठव."

"आठवायचं काय त्याच्यात? बोलली ती ही." त्यांनी लसणाच्या पाकळीनं हेमाबाईंकडे दाखवलं. "चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली अन् पावन्यांच्या म्होरं उभी राहून म्हणली, राजीला शिकायचंय, तुमी दुसरीकडं बघा. आमचे हे तुझ्या बापावर लय भडकले. बाबूच्या पोरीनं आमची इज्जत काढली म्हणले. मईनाभर तुझं येणं बंद होतं आमच्याकडं. इसरलीस का?"

हेमाबाईंना महिनाभर न गेल्याचं आठवत होतं. पण ते परीक्षेमुळे, असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. ट्रे आठवत होता, त्यावरची निळी फुलं आठवत होती. दार ओलांडून आपण बाहेर गेलो, ते मात्र काही केल्या आठवेना. त्या तर घाबरट होत्या. वर्गात हात वर करायची त्यांची हिंमत होत नसे. म्हणून तर त्या लिहायला लागल्या, असं त्यांनी मुलाखतीतून किती वेळा सांगितलं होतं.

"आणि चौकटीची गोष्ट?" त्यांनी विचारलं. "भोयाला जाळ्यात चौकट सापडली, ती?"

"ती माझ्या सासूची. तिचं माहेर धरणात गेलं. कोणीबी पोरगं मांडीवर आलं की ती तेच सांगायची. तुमी दोघीबी बसायच्या की ऐकायला." नर्मदाबाईंनी सूप पुढे ढकललं. "त्या दिवशी कोणी काई गोष्ट सांगितली न्हाई. पावन्याला कशाची गोष्ट?"

जेवणं झाली. पिठलं झकास झालं होतं, पण दोन्ही मैत्रिणींचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. परतीच्या बसमध्ये निकिता पुढच्या सीटवर कानात इअरफोन घालून रेकॉर्डिंग ऐकत बसली. मागे राजेश्री मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. हेमाबाईंना ती आता अगदी जुन्या राजेश्रीसारखी दिसली, आणि तसं वाटल्याचं त्यांना बरं वाटलं नाही.

जिंतूर मागे पडल्यावर राजेश्री म्हणाली, "माय म्हातारी झाली. तिला कालचं जेवण आठवत न्हाई."

"मला तर त्यांनी बघताक्षणी ओळखलं."

"मी बोलले होते, हेमे." तिनं समोरच्या सीटची दांडी घट्ट धरली होती. "तू बी बोलली आसशील, मला काय मालूम. पण मी बोलले. ते मला जगायला लागतं. लग्न झाल्यावर सासू घालूनपाडून बोलायची, तवा मी मनात म्हणायचे, तू अशी न्हाईस, तू पावन्यासमोर बोललीस. निकीला बारावीनंतर बसवायचं म्हणले सगळे, तवा बी तेच. आन् आता तुमी म्हणायलात की ते झालंच न्हाई. मंग मी ते सगळं कशाच्या भरवशावर केलं?"

हेमाबाईंचंही तेच झालं होतं. राजेश्री गप्प बसली, या एका गोष्टीच्या भरवशावर त्यांनी कादंबरी लिहिली, भाषणं दिली, स्वतःला लेखिका म्हणवून घेतलं. एकीला आपण बोललो हे लागत होतं, दुसरीला मैत्रीण गप्प बसली हे लागत होतं. आणि म्हातारी सांगत होती की बोलली भलतीच. आपण खरंच एकदा सगळ्यांसमोर बोललो असू, तर मग नंतर इतकी वर्षं लपून लिहीत का बसलो? बोलल्यावर जे भोगावं लागलं त्याला भ्यालो का? ज्या धिटाईची आपल्याला लाज वाटली, तीच आपण उचलून सुमनला दिली का? त्यांनी राजेश्रीच्या हातावर हात ठेवला. परभणीच्या स्टँडवर उतरेपर्यंत दोघी तशाच बसल्या.

युवक महोत्सव पंधरवड्यानं होता. राजेश्री जरीकाठाची साडी नेसून आली होती, हेमाबाई तिच्या शेजारी बसल्या. आता ही पोरगी तिघींपैकी कोणाचं खरं मानते, याचीच दोघींना धास्ती होती. निकिता स्टेजवर आली. ट्रॅक पँट आणि बूट घालून आली होती.

"मी एक गोष्ट सांगणार होते, आईच्या तरुणपणाची," ती म्हणाली. "पण ती सांगायला तीन जणी हायत. त्यांचं त्या बघतील. मी माझं सांगते."

मग तिनं सांगितलं ते असं. ती पोलीस भरतीसाठी पहाटे पेडगावच्या रस्त्यावर पळते. घरी कोणी अडवत नाही. आई म्हणते पळ, वडील म्हणतात पळ, बूट मावसभावानं आणून दिले. कॉलेजात मॅडम म्हणतात बोल, बघायला आलेले पाहुणेही म्हणतात, मनात असेल ते मोकळेपणानं बोला. "सगळे म्हणायलेत बोल, बोल. अन् मला बोलायला काय हाय तेच कळंना. मला पोलीस व्हायचंय का, ते बी पक्कं मालूम न्हाई. पळायला मात्र लय आवडतं. पळताना कोणी काई इचारत न्हाई." एवढं बोलून ती थांबली. पुढे काही असेल म्हणून लोक वाट बघत राहिले. तिनं नमस्कार केला आणि उतरली. टाळ्या उशिरा आणि तुटक पडल्या. तिला कुठलाच नंबर मिळाला नाही.

राजेश्री पदरानं डोळे पुसत होती की हसत होती, हे हेमाबाईंना कळेना. त्यांना स्वतःला काहीतरी हातातून निसटल्यासारखं वाटत होतं. तरुणांनी स्वतःच्या आवाजात बोलावं, हे सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. आज एक मुलगी तशी बोलली होती, आणि तिचं म्हणणं नक्की काय होतं हे त्यांना सांगता आलं नसतं. बाहेर चहाच्या टपरीवर त्यांनी निकिताला विचारलं, "आईची गोष्ट का नाही सांगितलीस?"

"मावशी, खरं सांगू? आजीचं ऐकल्यावर मला वाटलं, ते तुमचं हाय. लय जुनं हाय. मी त्याच्यात कुठं बसणार?"

प्रकाशकाला हेमाबाईंनी चार पानांऐवजी अर्धं पान पाठवलं. त्यात लिहिलं होतं की या कादंबरीतली चौकटीची गोष्ट येलदरीच्या एका म्हातारीची आहे, जिचं माहेर पाण्याखाली गेलं. बाकी काय कोणाचं आहे ते मला आता सांगता येत नाही. प्रकाशक नाराज झाले, वाचकाला असं अधांतरी ठेवू नये म्हणाले, पण छापलं. भाषणातलं ते ठरलेलं वाक्य हेमाबाईंनी सोडून दिलं. त्या जागी त्या काय बोलतात ते दर वेळी बदलतं, आणि कधी कधी त्या मधेच थांबून टेबलावरचं पाणी पितात. बोलावणी थोडी कमी झाली आहेत.

पेडगावला त्या अधूनमधून जातात. गेल्या खेपेला राजेश्रीच्या अंगणात बचतगटाच्या बायका पापड लाटत होत्या. कोणीतरी विचारलं, या कोण? राजेश्रीनं लाटणं बाजूला ठेवलं आणि सांगायला लागली. ही माझी मैत्रीण. मला बघायला पाहुणे आले, मी मान खाली घालून बसले होते, तर ही चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली अन् त्यांना म्हणाली, राजीला शिकायचंय, तुमी दुसरीकडं बघा.

बायका हेमाबाईंकडे बघायला लागल्या. हेमाबाई म्हणाल्या, "नाही हो, मी चुलीपाशी होते. बोलली ती हीच."

बायकांना आधी थट्टा वाटली. एक म्हणाली, "मंग खरं कोण बोललं, ते सांगा की." राजेश्रीनं हेमाबाईंकडे बघितलं. ती हे मैत्रिणीसाठी म्हणून सांगत होती, की आईचं ऐकून तिला खरंच तसं आठवायला लागलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. हेमाबाईंनी तिला ते नंतरही विचारलं नाही. त्यांनी एक लाटणं घेतलं आणि बायकांमध्ये बसल्या. त्यांचे पापड जाड व्हायला लागले, तेव्हा राजेश्रीनं ते मोडून पीठ पुन्हा त्यांच्यापुढे ठेवलं.